मोघेसाहेब विचारतात

मोघ्यांच्या घरी पाणी मागितल्याशिवाय मिळत नसे आणि मागितलं तरी लगेच मिळत नसे. "अर्धा पेला की पूर्ण?" असं ते विचारत. "कितीही चालेल," असं तुम्ही म्हणालात की संपलं. "कितीही म्हणजे किती? घरात हंडापण आहे." पुण्यातल्या पाहुणचाराचे जे किस्से आमच्या यवतमाळकडे चवीनं सांगतात, त्यांतलाच एक आपल्यासमोर घडतोय असं मला पहिल्या भेटीत वाटलं होतं. कसबा पेठेत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या आळीला लागून त्यांचं दुसऱ्या मजल्यावरचं घर. खालून ठोकाठोकीचा आवाज येत होता आणि वर हा पांढऱ्या बुशशर्टातला उंच माणूस पेला हातात धरून माझ्या उत्तराची वाट पाहत होता. मी म्हटलं, "अर्धा." त्यांनी अर्धा भरला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "न विचारता दिलेलं उष्टं पडतं, वानखडेबाई. माझ्याबरोबर काम करायचं तर एवढंच शिकायचं. बाकीचं तुम्हाला येत असेलच."

अच्युत मोघे राज्याच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले अभियंते होते. आफ्रिकेतल्या एका देशाला आपलं सरकार पाण्याच्या कामांत मदत करत होतं आणि त्या मदतीचे समन्वयक म्हणून त्यांना बोलावलं होतं. देशाचं नाव लिहीत नाही. तिथल्या ज्या बाईबद्दल पुढे सांगायचं आहे तिला तिथंच राहायचं आहे, आणि आमच्या भांडणात तिचं आणखी नुकसान व्हायला नको. इतकं सांगते, की त्या देशात माणसं कित्येक वर्षं आपसांत लढली आणि मग दमून थांबली. मी वारज्याच्या प्रशिक्षण केंद्रात हापसे दुरुस्त करायला शिकवत असे. मोघ्यांना मदतीला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी त्यांच्याकडे गेले.

समन्वय हा शब्द ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात दर गुरुवारी राजधानीतल्या एका गार खोलीत निरनिराळ्या देशांची माणसं जमत आणि आपापला देश काय देणार ते सांगत. कोणाला काय हवंय हे त्या खोलीत निघतच नसे. प्रत्येकाचा हापसा वेगळा. एकाचा वायसर दुसऱ्याला बसत नाही, एकाचा पाना दुसऱ्याला लागत नाही. आम्ही पहिल्यांदा गावं बघायला निघालो तेव्हा एका ठिकाणी तीन देशांचे तीन हापसे शेजारी शेजारी बंद पडलेले दिसले. प्रत्येकावर देणाऱ्या देशाच्या नावाची पाटी होती आणि पाट्या मात्र शाबूत होत्या. मोघे तिघांभोवती एक फेरी मारून आले. म्हणाले, "लग्नात तिन्ही मामांनी भिंतीवरचं घड्याळच आणलंय. चला, आता नवरीला विचारू."

त्यांची विचारायची एक रीत होती. गावचा प्रमुख त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवायचा. तिच्यावर ते आपली पिशवी ठेवायचे आणि स्वतः भिंतीला टेकून जमिनीवर बसायचे. मग एकच प्रश्न: सकाळी पाणी आणायला कोण जातं? जे जातात त्यांनीच पुढचं बोलायचं. पुरुष गप्प व्हायचे, कारण त्यांच्यातलं कोणीच जात नसे. बायकाही सुरुवातीला गप्प असायच्या, कारण त्यांना कोणी कधी विचारलेलंच नसायचं. ती शांतता मला सोसवत नसे. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं की मोघे हळूच म्हणत, "आपल्याला बस पकडायची आहे का?" तासभर असं बसायची त्यांची तयारी असे. सरकारी माणसाला इतका धीर असतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

अशाच एका बैठकीत मार्था बोलली. शिवणकाम करणारी, हडकुळी, नवरा युद्धात गेलेला. "नवा पंप नको," ती म्हणाली. "आहे तो उघडायला शिकवा. आणि शिकवायचं ठिकाण गावात नको, नदीकाठी करा. पलीकडच्या बायकांनाही येता आलं पाहिजे."

नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे हेच एकमेकांवर बंदुका घेऊन धावलेले लोक. "पलीकडच्या कशाला?" मोघ्यांनी विचारलं.

"त्या डबक्यातलं पाणी पितात. त्यांची पोरं मेली की त्यांचे नवरे म्हणतात, अलीकडच्यांमुळे मेली. मग बंदुका घेऊन परत येतात."

मोघ्यांचं इंग्रजी पुस्तकी आणि मार्थाचं तिच्या गावचं. त्यामुळे इंग्रजीतून इंग्रजीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. बैठक संपल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "सिस्टर, हे म्हातारबुवा विचारतात खरे. पण नंतर लिहितात काय?" असे पाहुणे तिनं पुष्कळ पाहिले होते. मी तिला म्हटलं, "साहेब विचारल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाहीत. माझा शब्द धर." मी हे मनापासून सांगितलं. मला सांगायला अभिमानही वाटला.

मोघ्यांनी मार्थाचं म्हणणं जसंच्या तसं दिल्लीपर्यंत नेलं. सगळीकडे एकाच तऱ्हेचा हापसा, आणि तो दुरुस्त करणाऱ्या गावातल्याच बाया. गुरुवारच्या त्या गार खोलीत त्यांनी बाकीच्या देशांशी असं काही डोकं लावलं की शेवटी दोघा-तिघांनी कंटाळून होकार दिला. "पटवायला अक्कल लागते असं लोकांना वाटतं," ते मला म्हणाले, "चिकटपणा पुरतो. आम्ही पेठेतले, आम्हाला तो जन्मतःच येतो." पुढच्या हिवाळ्यात मार्था आणि तिच्यासारख्या काही जणी, दोन्ही काठांवरच्या, शिकायला वारज्यात आल्या.

पहिल्या दिवशी त्या एका टेबलावर जेवल्या नाहीत. आमच्या केंद्रातल्या लोकांना वाटलं, साहेब आता बंधुभावावर भाषण करतील. त्यांनी केलं नाही. बोअरमधून पाइप वर ओढायचा तर दोघी लागतात. एकीनं शिकंजा लावून धरायचं आणि दुसरीनं वरचा जोड उघडायचा. धरणारीनं हात सोडला तर सगळा पाइप खाली जातो आणि दिवस वाया. मोघ्यांनी प्रत्येक जोडीत एक या काठाची आणि एक त्या काठाची लावली. चार-सहा वेळा पाइप खाली गेला. मुद्दाम गेला की चुकून, ते कोणी विचारलं नाही. पण नंतर जायचा थांबला. "मनं जुळली का ते देव जाणे," मोघे म्हणाले, "पाइप वर आला."

त्या महिन्यांतले मोघे आठवले की अजून बरं वाटतं, हे लपवण्यात अर्थ नाही. ते रोज कसब्यातून दोन बस बदलून वारज्याला यायचे. रविवारी या बायकांना आपल्या आळीत नेऊन तांब्याचं काम दाखवायचे. मार्थानं तिथं हातोडा मागून घेतला आणि एका पातेल्याला बऱ्यापैकी पोचे आणले. मालक काही बोलायच्या आत मोघ्यांनी ते पातेलं विकत घेतलं. "नक्षी म्हणून खपेल," ते म्हणाले. सकाळी थंडी असायची. एकदा एका बाईनं शाल मागितली, तर त्यांनी स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून दिला आणि दिवसभर खोकत हिंडले.

निरोपाच्या चहाला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की पुढचा वर्ग पुण्यात होणार नाही. तो त्यांच्या नदीकाठी होईल. तिथं कार्यशाळा बांधू, सुटे भाग तिथंच ठेवू, आणि शिकवायला मार्था असेल. मार्था उठून उभी राहिली. परत गेल्यावर ती पहिल्यांदा नदी ओलांडून पलीकडे गेली. तिच्या माणसांनी तिला वेड्यात काढलं. तिनं पलीकडच्या बायकांना सांगितलं, कार्यशाळा होणार आहे, तुमच्या पोरींची नावं द्या. त्यांनी दिली. दोन्हीकडच्या बायकांनी मिळून काठावरची जागा साफ केली. त्या जागेचा फोटो मार्थानं मला पाठवला होता. फोटोत मोकळी जमीन होती आणि कडेला झाडूंचा ढीग.

त्याच सुमारास दिल्लीत आमच्या विभागाला दाखवण्याजोगं काहीतरी हवं होतं. मोठ्या मंडळींचा दौरा ठरत होता. त्यांना नेऊन दाखवणार काय, नदीकाठचा पत्र्याचा एक शेड? राजधानीत मैत्रीची खूण म्हणून एक जलभवन बांधायचं निघालं. काचेच्या भिंती, दारात कारंजं, आत सभागृह. जलभवन आणि कार्यशाळा ही दोन्ही होणार नव्हती. एकच होणार होतं, आणि कोणतं ते समन्वयकाच्या अहवालावर ठरणार होतं. मोघे दिल्लीहून आले तेव्हा मी विचारलं. "बघू," म्हणाले. मी निश्चिंत होते. ज्या माणसानं बाकीच्या देशांना चिकटपणानं हैराण केलं, तो आपल्याच लोकांना ऐकणार होता थोडाच?

एका दुपारी वर्गात असताना मार्थाचा फोन आला. तिचा आवाज इतका शांत होता की मला आधी ती आजारी आहे असं वाटलं. जिल्ह्याच्या कचेरीत तिला सांगितलं होतं, की कार्यशाळा रद्द झाली, कारण बायकांनाच ती नको आहे. भारतातल्या मॅडम येऊन विचारून गेल्या होत्या. दोन्ही काठांवरच्या बायका एकत्र बसायला तयार नाहीत, असं मॅडमनी सांगितलं. "मॅडम म्हणजे तूच ना?" मार्था म्हणाली. "दुसरी कोणी आली नव्हती."

मी वर्ग सोडला आणि रिक्षा करून थेट कसब्यात गेले. मोघे खिडकीशी पेपर वाचत बसले होते.

"काहून लिहिलं तुम्ही असं?" मी रागावले की माझी वऱ्हाडी वर येते.

"बसा."

"बसाले नाही आली मी."

"मग उभ्यानं ऐका," ते म्हणाले आणि पेपरची घडी घातली. "दोन्ही होणार नव्हतं. मी कार्यशाळेचा हट्ट धरला असता तर काम दुसऱ्या कोणाकडे गेलं असतं. भवन तरी आपल्या हातात राहतंय."

"आपल्या म्हणजे कोणाच्या?"

"मला प्रमुख सल्लागार म्हणून बोलावलंय."

"मग तसं लिहायचं होतं. मार्थाला हवीय, सरकारला नको, असं लिहायचं. माझं नाव कशाला घातलं?"

"इतकी वर्षं मी उलटंच लिहीत आलोय. माझ्या नावावर ते पटलं नसतं." मग अगदी सहज म्हणाले, "तुम्ही खोटं बोलत नाही, हे दिल्लीत सगळ्यांना माहीत आहे."

हे ते कौतुकाच्या सुरात बोलले. त्या क्षणी त्यांच्या तोंडात द्यावीशी वाटली, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. माझा खरेपणा त्यांनी पारखून ठेवला होता आणि वेळ आल्यावर वापरला. मला तर नाहीच, पण मार्थालाही कोणी काही विचारलं नव्हतं. विचारलं होतं असं मात्र लिहिलं होतं, आणि मोघ्यांचा अहवाल म्हटल्यावर ते खरंच असणार असं सगळ्यांनी धरलं.

मग तेच पुढे बोलू लागले. "मी जमिनीवर बसून विचारत राहिलो, वानखडेबाई. ज्यांनी कोणाला विचारलं नाही त्यांच्या इमारती आज तिथं उभ्या आहेत. माझं काय आहे तिथं? वायसर." त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. हा माणूस मनात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या इमारती मोजत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मी एकच मागितलं. "मार्थाला फोन करा. हे मी सांगितलेलं नाही, एवढं सांगा. बाकी तुमचं भवन तुम्हाला लखलाभ."

"करतो," ते म्हणाले.

मी माझ्या बाजूनं तिला त्याच संध्याकाळी सांगितलं. सगळं सांगितलं, साहेबांनीच लिहिलं म्हणून. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साहेब विचारल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाहीत. हे मला तूच सांगितलंस." आणि फोन ठेवला. तिनं दोघांना तोललं. एक म्हातारा तिच्या गावात जमिनीवर बसून तासभर तिची वाट पाहत राहिला होता. दुसरी मी, शांतता न सोसणारी. तिच्या जागी मीही त्यांच्यावरच विश्वास ठेवला असता.

पुढचं मला तिच्याबरोबर शिकून गेलेल्या एकीकडून कळत गेलं. पलीकडच्या बायका म्हणाल्या, मार्थानं आमच्या पोरींची नावं गोळा करून फसवलं. अलीकडचे म्हणाले, बघ, सांगत होतो. काठावरच्या जागेत पुन्हा गवत वाढलं. मार्था अजून हापसे दुरुस्त करते, पण फक्त आपल्या बाजूचे. पाइप धरायला नणंदेला नेते.

जलभवन झालं. कारंजं उडालं. पुण्यात मोघ्यांचा सत्कार ठरला, तेव्हा निमंत्रण द्यायला ते स्वतः वारज्याला आले. मी गेले, कारण फोनचं विचारायचं होतं. त्यांनी भाषणात पाइपची गोष्ट सांगितली. या काठाची एक, त्या काठाची एक. सभागृहात माणसं डोळे पुसत होती. "मदत करणाऱ्यानं आधी खाली बसायला शिकावं," असं ते म्हणाले आणि कितीतरी वेळ टाळ्या चालल्या. मी ऐकत होते. त्यांत एकही शब्द खोटा नव्हता, हे मला जास्त लागलं. ढोंगी माणूस असता तर मी त्याला कधीच सोडून दिलं असतं. जमिनीवर बसणारे मोघे खरे होते, मफलर देणारे खरे होते, आणि तो अहवाल लिहिणारेही तेच होते. मला अजून या माणसाचे दोन तुकडे करता येत नाहीत.

खाली अल्पोपाहाराच्या गर्दीत मी त्यांना गाठलं. "मार्थाला फोन केला का?"

"अहो, किती दिवस धरून बसाल?" हातातल्या बशीकडे पाहत ते म्हणाले. "करतो म्हटलं ना."

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले नाही. मध्येमध्ये मेसेज मात्र पाठवत राहिले. "फोन?" एवढंच. त्यांचं उत्तर कधी "या आठवड्यात" असं यायचं, कधी नुसते जोडलेले हात. पुढे पुढे काहीच येईना. फोन करायला त्यांना काय जड जात होतं? मार्थानं काही त्यांना फाशी दिली नसती. मला वाटतं, जगात एका तरी ठिकाणी आपण पूर्वीचेच मोघे आहोत, आणि ते ठिकाण मार्थाच्या मनात आहे, हे त्यांना ठाऊक होतं. ते त्यांना सोडवलं नाही. त्याची किंमत मी देत होते, आणि ते मला देऊ देत होते.

गेल्या महिन्यात सकाळी त्यांच्या मुलीचा, अनघाचा फोन आला. बाबा पहाटे झोपेतच गेले. मार्थाबरोबर शिकून गेलेल्या काही जणीही ज्यात होत्या, त्या केंद्रातल्या एका जुन्या ग्रुपवर मी तेवढं एक वाक्य टाकलं आणि निघायची तयारी करू लागले. मेट्रोत बसले होते तेव्हा मार्थाचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. ती रडत होती.

"साहेब गेले असं कळलं," ती म्हणाली. "तिथल्या दुसऱ्या कोणाचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून तुला सांगते. तुमच्यात मोठ्यांच्या पायांना हात लावतात. तसा माझ्या वतीनं लाव. त्यांना सांग, कार्यशाळेचा राग माझ्या मनात त्यांच्यावर कधीच नव्हता. ती कोणामुळे गेली ते मला माहीत आहे."

मी ते पुन्हा ऐकलं. उत्तर काय देणार? आता खरं सांगितलं तरी ते खोटं ठरवणारा किंवा खरं ठरवणारा माणूस उरला नव्हता, आणि रडणाऱ्या बाईपुढे मेलेल्या माणसाची तक्रार घेऊन जायची लाज वाटली.

बाहेरच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं. खालचं ठोकाठोकीचं काम त्या दिवशी बंद होतं. आळीतली माणसं येत होती, पाया पडत होती, बाजूला होत होती. अनघानं मला पाहिलं आणि लोकांना सरकायला सांगितलं. "बाबा तुमच्याबद्दल फार बोलायचे," ती म्हणाली. काय बोलायचे ते मी विचारलं नाही.

मी वाकले. दोन्ही हात त्यांच्या पायांना लावले आणि मनात म्हटलं, हा मार्थाचा नमस्कार. तिनं सांगितलेलं सगळं, तिच्या शब्दांत, एकही शब्द न बदलता त्यांना सांगितलं. मग उठले. माझा नमस्कार बाकी होता. मागे रांग खोळंबली होती. मी बाजूला झाले आणि जिना उतरून खाली आले.